बालेकिल्ला पडतो तेव्हा

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे म्हटले की मावळातल्या श्रोत्यांची एक अपेक्षा ठरलेली असते, आणि ती गैर नाही. ज्यांच्या अंगणातून लोहगड आणि विसापूर दिसतात, कार्ले आणि भाजे ही ज्यांच्या लेखी पाहुण्यांना दाखवायची ठिकाणे आहेत, त्यांना इतिहास म्हणजे गड, लेणी आणि लढाया असे वाटले तर त्यात नवल ते काय? आम्ही मात्र आज ज्या इतिहासाकडे वळणार आहोत त्याला अजून पाऊणशे वर्षांपलीकडचा भूतकाळ नाही. त्यात तलवार नाही, तह नाही, राजाही नाही. संगणक नावाच्या यंत्राचा गाभाच एकाएकी कोसळतो तेव्हा काय होते, तो का कोसळला हे माणसाने कसकसे शोधून काढले, आणि त्या शोधात तो कोठे चुकला, असा हा इतिहास आहे.

व्याख्यानाचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला हटकलेच. “अहो, हे हिंजवडीला सांगा. लोणावळ्याला कशाला?” आमचे उत्तर असे की, यंत्राचा घात कसा ओळखावा, कसा आवरावा आणि त्याचे मूळ कसे शोधावे, याचा पहिला मोठा धडा या मुलखाला दीडशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे. तो बोरघाटात मिळाला. तेव्हा विषय परका नाही. फक्त यंत्र बदलले आहे.

बालेकिल्ला आणि माची

प्रथम गाभा म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत त्याला ‘कर्नेल’ म्हणतात. फळाच्या कठीण कवचाआडचा मगज असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. पलटणीतल्या कर्नलशी त्याचा संबंध नाही. संगणकात एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. कोणी पत्र लिहितो, कोणी हिशेब करतो, कोणी चित्र पाहतो. या सर्वांना स्मरणशक्तीची जागा वाटून देणे, प्रत्येकाला पाळीपाळीने प्रक्रियेचा वेळ देणे, तबकडीवर लिहिणे-वाचणे, बाहेरच्या जगाशी दळणवळण ठेवणे ही कारभाऱ्याची कामे जो मुख्य प्रोग्रॅम करतो तो गाभा.

राजमाची ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला वेळ लागणार नाही. खाली माची, तीवर उधेवाडीची वस्ती; आणि वर श्रीवर्धन व मनरंजन हे दोन बालेकिल्ले. आपला संगणक असाच बांधलेला आहे, फरक इतकाच की त्याला बालेकिल्ला एकच. साधे प्रोग्रॅम माचीवर राहतात. त्यांना काही हवे असेल तर ते दरवाजाशी येऊन अर्ज देतात. आत शिरण्याची त्यांना मुभा नाही. हा दरवाजा कागदावरचा नव्हे. तो प्रोसेसरच्या रचनेतच घातलेला असतो, आणि माचीवरच्या प्रोग्रॅमने आगळीक केली तर यंत्रच त्याला अडवते.

यातून पुढची सर्व कथा निघते. माचीवरचे एखादे घर पडले तर गड पडत नाही. तुमचा हिशेबाचा प्रोग्रॅम बंद पडला, तर गाभा त्याला उचलून बाजूला ठेवतो आणि बाकीचे व्यवहार चालू राहतात. परंतु चूक बालेकिल्ल्यातच झाली, तर तिला अडवणारा वर कोणी उरत नाही. गाभ्याच्या चुकीला न्यायाधीश गाभाच. म्हणून आपली वहीच आपल्याला जुळत नाही, असे आढळताच शहाणा गाभा एकच गोष्ट करतो : तो जागच्या जागी थांबतो. संगणकवाले याला ‘पॅनिक’ म्हणतात. शब्द भीतीचा असला तरी कृती विचाराची आहे. ज्याची वही बिघडली आहे त्याने लिहीत राहणे म्हणजे तबकडीवरचा चांगला मजकूरही नासवणे. लोकांना वाटते, यंत्र कोसळले. पुष्कळदा खरे असे असते की, यंत्राने आणखी नुकसान होऊ नये म्हणून स्वतःला कोसळू दिले.

घाटाचा धडा

हाच विचार बोरघाटात लोखंडात उतरलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने येथील काम १८५६ साली आरंभले आणि १८६३ च्या एप्रिलात सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचा मार्ग खुला झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट असा उभा चढ. १८६१ च्या हंगामात ४२,००० पर्यंत मजूर या डोंगरात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी त्यांपैकी पुष्कळ माणसे गेली. त्यांची नावे कोठल्याही कोनशिलेवर नाहीत. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेलने, ठेका पुढे चालवून काम पुरे करविले, ही गोष्ट तर सर्वश्रुतच आहे.

आम्हांला येथे दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली म्हणजे घाटातले आडरूळ, ज्यांना रेल्वेचे लोक ‘कॅच सायडिंग’ म्हणतात. उतरणीवर गाडीचा ताबा सुटला तर काय, हा घाटाचा सनातन प्रश्न. त्यावर योजना अशी की, उतारावर नेमलेल्या ठिकाणी सांधा मुळातच आडरुळाकडे वळवून ठेवलेला असावा, आणि तो आडरूळ डोंगराच्या अंगाला चढत जाणारा असावा. गाडी नेमल्या जागी थांबली, ताबा शाबूत आहे हे सिद्ध झाले, की मग सांधा मुख्य मार्गाकडे वळवायचा. न थांबणारी गाडी आपोआप चढावर जाते आणि तेथे तिचा वेग मरतो. येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे असे की, संशयाच्या प्रसंगी काय घडावे हे आधीच ठरलेले आहे. आयत्या वेळी कोणाच्या शहाणपणावर ते सोपवलेले नाही. गाभ्याचे ‘पॅनिक’ हा संगणकातला आडरूळच होय.

दुसरी गोष्ट दुःखाची आहे. इंग्रजी कागदपत्रांत ‘म्हाउ-की-मली’ या नावाने आढळणारा घाटातला मोठा दगडी पूल मार्ग खुला झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, ढासळला. पाऊस दांडगा होता हे खरे. पण मावळात पाऊस दांडगा नसतो कधी? कंपनीच्या दगडी कामांचा कसून तपास झाला तेव्हा ध्यानात आले की, दर्शनी भाग नीट घडवलेला असला तरी आतला भर आणि चुना यांत कसूर झालेली होती. म्हणजे पूल पडला १८६७ साली. पण पडण्याचे कारण तो बांधला जात असतानाच त्याच्या पोटात जाऊन बसले होते. घात घडतो ती घटका आणि घाताचे कारण घडते ती घटका या दोन वेगळ्या असतात. संगणकाच्या गाभ्याची चिकित्सा करणाऱ्याने पहिल्या दिवशी शिकायचा धडा तो हाच.

कोअरचा काळ

आता घाट उतरून मुंबईस जाऊ. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या देशात घडवलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक १९६० साली कामाला लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. र. नरसिंहन हे त्या कामाचे अध्वर्यू. या यंत्राची स्मरणशक्ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळ्यात ओवलेली मण्यासारखी कडी, आणि प्रत्येक कड्यात एक ‘होय’ किंवा एक ‘नाही’. चाळीस-चाळीस कड्यांचे २,०४८ शब्द. एवढी तिची सगळी साठवण. आजच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रासही ती पुरली नसती.

या कड्यांना इंग्रजीत ‘कोअर’ म्हणत. यंत्र अडले की त्या क्षणी सर्व कड्यांत काय आहे ते जसेच्या तसे कागदावर छापून काढायची रीत जगभर पडली, आणि त्या छापील भाऱ्याला ‘कोअर डम्प’ हे नाव पडले. कडी जाऊन आज पन्नास वर्षे होत आली, तरी नाव टिकले आहे. आठ किंवा सोळा या पायावरचे आकडे पानेच्या पाने भरून येत. आणि त्या काळचे प्रोग्रॅमर पेन्सिल घेऊन ओळीमागून ओळ तपासत बसत. प्रेताची उत्तरीय तपासणी करणारा वैद्य आणि हे लोक, यांत प्रकारचा फरक नव्हता.

त्या कड्यांचा एक गुण मात्र पुढच्या पिढीला हेवा वाटावा असा होता. वीज गेली तरी चुंबकत्व टिकते. म्हणून यंत्र बंद पडल्यावरही पुरावा जागच्या जागी राही. १९७० नंतर कड्यांच्या जागी सिलिकॉनच्या चकत्या आल्या. त्या स्वस्त, वेगवान आणि लहान. पण वीज गेली की त्यांच्यातले सगळे विरून जाते. म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करणारा हात आणि पुरावा पुसणारा हात एकच झाला. या एका बदलातून पुढच्या पन्नास वर्षांचे बहुतेक प्रश्न उभे राहिले.

दोन मते

साठीच्या दशकात अमेरिकेत ‘मल्टिक्स’ नावाची एक भव्य कार्यप्रणाली घडत होती. तिच्यातून बेल प्रयोगशाळेने १९६९ साली अंग काढून घेतले, आणि तेथल्याच केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी लहानशी ‘युनिक्स’ उभी केली. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्हलेक यांनी या दोघींतला फरक दाखवणारी एक आठवण सांगितली आहे. मल्टिक्समध्ये आपण लिहीत असलेल्या मजकुराचा निम्मा भाग चुकीतून सावरण्यासाठीच खर्ची पडतो, असे ते रिचींना म्हणाले. रिचींचे उत्तर असे की, ते सगळे आम्ही वगळले. चूक झाली की ‘पॅनिक’ नावाचा एक तुकडा चालतो, यंत्र थांबते, आणि मग ओसरीतून हाक मारून कोणाला तरी ते पुन्हा सुरू करायला सांगायचे.

ऐकणाऱ्याला हा आळस वाटेल. आमच्या मते त्यात आळसाइतकेच शहाणपणही आहे. सावरण्याचा मजकूर क्वचितच चालतो. म्हणून तो क्वचितच तपासला जातो. आणि म्हणून ऐन वेळी तोच चुकतो. साधे यंत्र उघडपणे पडते, आणि उघडपणे पडलेले शोधता येते. तथापि दुसरी बाजूही खोटी नाही. बेलच्या ओसरीत हाक ऐकायला माणूस होता. टेलिफोनचे केंद्र, रुग्णालयातले यंत्र, रेल्वेचे सिग्नल यांच्या बाबतीत अशी हाक मारून भागत नाही. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत.

युनिक्सकारांनी पडण्याची लाज मात्र बाळगली नाही, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या जुन्या माहितीपुस्तकात यंत्र कोसळल्यावर काय करावे यासाठी एक स्वतंत्र पानच होते. पुढे बर्कले विद्यापीठातील मंडळींनी व्यवस्था केली ती अशी : कोसळता कोसळता गाभ्याने सर्व स्मरण तबकडीवरच्या अदलाबदलीच्या जागेत ओतावे, कारण तेथे कोणाचे कायमचे सामान नसते, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की पहिल्या प्रथम एका प्रोग्रॅमने ते उचलून सुरक्षित ठेवावे. पुरावा पुन्हा हाती लागला.

राखीव शिबंदी

येथे एक अडचण होती, आणि ती मोठी मार्मिक आहे. पुरावा लिहिणार कोण? तर जो नुकताच कोसळला तोच गाभा! ज्याची वही बिघडली म्हणून त्याला थांबवले, त्यालाच शेवटचा जबाब तबकडीवर लिहायला सांगायचे. तो जबाब भलत्याच जागी लिहिला गेला तर? फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली आरंभलेल्या ‘लिनक्स’च्या मूळ आवृत्तीत अशी सोय कित्येक वर्षे आली नाही, त्याचे एक कारण हेच भय होते.

उत्तर निघाले ते २००५ साली, लिनक्सच्या २.६.१३ या आवृत्तीत. त्याचे नाव ‘केडम्प’. त्याच्या घडणीत एरिक बीडरमन यांच्या आधीच्या कामाचा आणि आय.बी.एम.च्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. कल्पना गडाच्या भाषेत सांगतो. बालेकिल्ल्याच्या एका कोपऱ्यात भिंत घालून लहानशी राखीव शिबंदी आधीपासून बसवून ठेवायची. तिचे दाणापाणी वेगळे. रोजच्या कारभारात तिचा हात नाही, आणि मुख्य शिबंदीनेही तिच्या जागेला शिवायचे नाही. मुख्य बालेकिल्ला पडला की ही शिबंदी जागी होते. ती राज्य करू लागत नाही. ती फक्त पडलेल्या गडाची पाहणी करते, सगळे जसेच्या तसे लिहून ठेवते, आणि मग गड पुन्हा वसवायला मोकळा करते. तांत्रिक भाषेत, स्मरणाचा एक भाग दुसऱ्या लहान गाभ्यासाठी राखलेला असतो, आणि वीज बंद न करता, यंत्राची आरंभीची तपासणी टाळून, उडी थेट त्या गाभ्यात मारली जाते. म्हणून जुने स्मरण पुसले जात नाही.

ही चैन आहे काय? सरासरी हजार दिवसांतून एकदा कोसळणारे यंत्र घरी असेल तर प्रश्नच नाही. पण अशी हजार यंत्रे एका छताखाली असली, तर रोज एक पडणार. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ बांधला तेव्हापासून अनेक प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याची विद्या आपल्या भागात रुजली. आणि आज लोणावळा-पुणे लोकलने रोज जाणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांना रात्री-अपरात्री उठवणारा टेलिफोन येतो तो अशाच एखाद्या पडलेल्या यंत्राचा असतो.

चिकित्सेची रीत

जबाब हाती आला, आता तो वाचायचा कसा? या विद्येचे मर्म थोडक्यात सांगतो. प्रथम पाहायचे शेवटचे शब्द : गाभ्याच्या रोजनिशीतल्या अखेरच्या ओळी. मग पाहायची माळ : कोणत्या कामाने कोणाला बोलावले, त्याने पुढे कोणाला, आणि शेवटचा कोण पडला. आकड्यांना नावे लावण्यासाठी एक कोश लागतो, आणि तो त्याच गाभ्याच्या त्याच बांधणीचा असावा लागतो. दुसऱ्या आवृत्तीचा कोश वापरला तर सगळी नावे चुकतात, आणि वाचणाऱ्याला ते कळतही नाही.

एक उदाहरण घेऊ. शून्य हा संगणकात रिकामा पत्ता समजतात. त्या आसपास कोणी राहत नाही. गाभा २४ या पत्त्यावर वाचायला गेला आणि पडला, असे जबाबात दिसले, तर जाणता माणूस तत्काळ ताडतो की, कोणीतरी रिकामा पत्ता हाती ठेवला आणि त्या पत्त्यावरच्या घरातली चोविसाव्या जागची वस्तू मागितली. मग प्रश्न उरतो तो हा की, पत्ता रिकामा का राहिला? आणि येथेच नवशिका फसतो. जो पडला त्यालाच तो गुन्हेगार ठरवतो. वास्तविक पडणारा पुष्कळदा बळी असतो. दुसऱ्याच कोणी कितीतरी आधी त्याच्या जागेत अतिक्रमण केलेले असते, आणि हा बिचारा भरवशाने पाऊल टाकतो व खचतो. त्या दगडी पुलाच्या पोटातला भर येथे आठवावा.

आणखी एक खूण अनुभवी लोक सांगतात. घात दर वेळी एकाच जागी होत असेल तर प्रोग्रॅमवर संशय घ्यावा. दर वेळी नव्या जागी, काही संबंध नसलेल्या कामात होत असेल, तर यंत्राच्या अंगावर संशय घ्यावा : स्मरणाची पट्टी, वीजपुरवठा, उष्णता. नियम अटळ नाही. पण दिशा दाखवतो.

एका लेखनिकाची गोष्ट

ही खूण ठाऊक नसल्याने काय होते ते आम्ही स्वतः पाहिले आहे. मावळातल्या एका संस्थेत हिशेबाचा संगणक दर चार-सहा दिवसांनी थिजत असे. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी येत आणि सगळे ठप्प. संस्थेत एक तरुण लेखनिक होता; यंत्र त्याच्या ताब्यात. तो बिचारा बटण दाबून ते पुन्हा सुरू करी आणि कामाला लागे. पडद्यावरच्या ओळी कोणी वाचत नसे, कोणी उतरवून घेत नसे.

सहा महिन्यांत कारणांचा मात्र बाजार भरला. कोणी म्हणे पावसाळी हवा, कोणी म्हणे विजेचा दाब. हळूहळू बोट त्या पोराकडे वळले. तो बाहेरची काहीतरी चकती घालतो, नको ते पाहतो, म्हणून यंत्र बिघडते, असे बोलले जाऊ लागले. एका बैठकीत त्याला कामावरून कमी करण्याची भाषा झाली. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी झाली होती.

सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे : त्या बैठकीला आम्हीही हजर होतो, आणि प्रथम आम्हीही मान डोलावली. त्या पोराने मात्र एक गोष्ट केली. त्यानंतर तीन वेळा यंत्र थिजले, तेव्हा त्याने बटणाला हात लावण्यापूर्वी मोबाइलवर पडद्याचे छायाचित्र घेतले. ती तीन छायाचित्रे त्याने आमच्यासमोर ठेवली. “काका, मला यातले काही कळत नाही, पण तिन्ही वेगवेगळी आहेत,” एवढेच तो म्हणाला. वस्तुतः त्या एका वाक्यात निम्मे निदान होते. एकदा तबकडीच्या कामात, एकदा घड्याळाच्या, एकदा जाळ्याच्या : तिन्ही जागा निराळ्या. रात्रभर स्मरणाची तपासणी लावली, तेव्हा सकाळी एक पट्टी सदोष निघाली. पट्टी बदलली, त्रास संपला. पोराची नोकरी राहिली. त्याची माफी मात्र बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवली गेली नाही, आणि ती नोंदवावी असा आग्रह आम्ही धरला नाही, याची खंत आम्हांला आजही आहे.

अलीकडचा मोठा घात

आता अगदी जवळच्या काळातले उदाहरण. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रोग्रॅमसाठी एक लहानशी माहितीची फाइल जगभर पाठवली. हा प्रोग्रॅम विंडोजच्या बालेकिल्ल्यातच वस्तीला असतो, कारण पहाऱ्याचे काम माचीवरून होत नाही अशी समजूत. फाइल पोचली आणि यंत्रे निळ्या पडद्याने थिजू लागली. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख यंत्रे कोसळली होती. विमाने अडली, रुग्णालयांची कामे खोळंबली. आपल्याकडेही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले परवाने द्यावे लागले. दुखणे असे की, यंत्र पुन्हा सुरू करताच तो पहारेकरी आधी जागा होई आणि पुन्हा गड पाडी. बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्राजवळ जाऊन हाताने ती फाइल काढावी लागली.

कारण काय निघाले? एका जागी २१ रकाने अपेक्षिलेले होते आणि प्रत्यक्षात २० च पुरवले जात होते. आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्याने तेथे कोणी पाहतच नव्हते. त्या दिवशी प्रथमच एकविसावा रकाना खरोखर वाचायची वेळ आली, आणि तेथे काहीच नव्हते. म्हणजे दोष महिनोन्महिने पोटात होता; पाऊस तेवढा त्या दिवशी आला. पडझड समजल्यावर कंपनीने हे कारण छापून प्रसिद्ध केले, म्हणूनच आज आम्ही ते येथे सांगू शकतो.

तात्पर्य

या इतिहासातून आम्हांला तीन गोष्टी दिसतात. पहिली, थांबणे हा नेहमीच पराभव नसतो. संशय आला असता चालत राहणारे यंत्र थांबणाऱ्या यंत्राहून अधिक घातक, हे घाटातल्या सांध्याने केव्हाच सांगितले आहे. दुसरी, थांबल्यावर पहिले काम पुरावा राखण्याचे; चालू करण्याचे दुसरे. जेथे क्षणाचाही खोळंबा परवडत नाही, तेथे केडम्पसारखी राखीव शिबंदी आधीच बसवावी, म्हणजे दोन्ही साधते. पुन्हा सुरू झाले ना, मग झाले, ही वृत्ती आपल्याकडे फार आहे. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. एक घात निदानाविना सोडून दिला की पुढचा घात वाट पाहत असतो.

तिसरी गोष्ट यंत्राची नाही, माणसाची आहे. निदान नसले की दोष कोठे जातो? तो नेहमी खाली वाहत जातो, उतारावरच्या पाण्यासारखा. आणि जो सर्वांत खाली उभा असेल त्याच्या पायाशी साचतो. कधी तो सांधेवाला असतो, कधी गवंडी, कधी लेखनिक. खरे कारण शोधण्याची विद्या ही म्हणून केवळ सोयीची गोष्ट नाही. ती न्यायाची गोष्ट आहे.

आमची श्रोत्यांना एक लहानशी सूचना आहे. आपल्या शाळेत, पतपेढीत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात जेथे जेथे संगणक आहे तेथे त्याच्या शेजारी एक साधी वही ठेवावी. यंत्र थिजले की तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम आणि पडद्यावरचा मजकूर तीत उतरवावा, किंवा पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मग बटण दाबावे. पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो खरे. पण पुढच्याला ठेच नेमकी कोठे लागली हे त्याने सांगून ठेवले, तरच मागच्याला शहाणे होता येते.